गट असू दे, पण उघड असू दे

गेली तीन-चार वर्षं महाराष्ट्रात एक भांडण सतत चालूय आणि मला ते दिवसेंदिवस जास्त फालतू वाटायला लागलंय. "शिंदे गट म्हणायचं नाही, शिवसेना म्हणायचं." "ठाकरे गट काय, मूळ पक्ष आहे तो." "उबाठा म्हणून हिणवू नका." राष्ट्रवादीतही तेच, फक्त आडनाव दोन्हीकडे एकच असल्यामुळे तिथे पहिलं नावही लावायला लागतं. चॅनेलच्या पट्टीत गट लिहिलं की एका बाजूचे लोक चिडतात, पक्ष लिहिलं की दुसऱ्या बाजूचे. आणि एवढं सगळं भांडून दोन्हीकडच्यांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे, की गट ही शिवी आहे. पक्ष म्हणजे खरं, गट म्हणजे फुटीर, हलकं, चोरटं. "आमच्या पक्षात गटतट नाहीत" हे वाक्य तर प्रत्येक नवा प्रदेशाध्यक्ष पहिल्याच दिवशी बोलतो आणि समोरचा पत्रकार हसू दाबून ते लिहून घेतो.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. मोठ्या पक्षात गट असणारच, असायलाच हवेत, आणि आपल्याकडे पक्ष असे रातोरात फुटतात त्याचं एक मोठं कारण हे आहे की गटाला पक्षाच्या आत, दिवसाढवळ्या, स्वतःच्या नावानं राहायची सोय आपण ठेवलेलीच नाही. आत राहून "मला हे पटत नाही, माझ्यासोबत एवढे लोक आहेत, मतदान घ्या" असं म्हणायची जागा नसेल तर माणसासमोर दोनच रस्ते उरतात, गप्प बसणं नाहीतर बस बुक करणं.

आधी आपली भाषाच बघा. एकत्र काम करणाऱ्या छोट्या घोळक्यासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. भजनी मंडळ आहे, वारकऱ्यांचा फड आहे, दिंडी आहे, जथा आहे, पथक आहे, टोळी आहे (ऊसतोडीचीही टोळीच असते आणि तिथे कुणाला त्यात काही वाईट वाटत नाही). पण हाच घोळका एखाद्या मोठ्या संघटनेत बसून वेगळं मत मांडायला लागला की त्याचा लगेच कंपू होतो, कोंडाळं होतं, चौकडी होते, गटबाजी, बंडाळी, असंतुष्ट, काय काय. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'नाराज'. राजकीय मतभेदाला आपण रुसवा करून टाकलंय. नाराज आमदाराची 'समजूत काढतात', त्याला 'शब्द देतात', तो मग 'समाधानी' होतो, आणि त्याचा मूळ मुद्दा काय होता हे बातमीत शेवटपर्यंत येत नाही. पक्षाच्या आतल्या घोळक्याला मान असलेला शब्द शोधायला गेलो तर आघाडी सापडते, महिला आघाडी, युवक आघाडी, पण त्या वरून नेमलेल्या असतात, पदाधिकारी मुंबईतून जाहीर होतात, त्यांचं स्वतंत्र मत असावं अशी कुणाची अपेक्षाच नसते.

हे असंच होतं का पहिल्यापासून? नाही ना. १९०७ चं सुरत काँग्रेसचं अधिवेशन सगळ्यांना शाळेपासून माहितीय, जहाल आणि मवाळ, तो भिरकावलेला जोडा वगैरे. त्या फुटीनं काँग्रेस जवळपास नऊ वर्षं खिळखिळी झाली आणि १९१६ ला लखनौत परत एकत्र आली. पण त्यानंतर जे घडलं ते आपण फार कमी बोलतो. १९२२ च्या डिसेंबरात गया काँग्रेसला चित्तरंजन दास स्वतः अध्यक्ष होते, कायदेमंडळांत शिरून आतून लढावं असं त्यांचं मत होतं आणि ते मतदानात हरले. अध्यक्ष असून हरले! मग त्यांनी काय केलं, अध्यक्षपद सोडलं आणि मोतीलाल नेहरूंबरोबर १९२३ च्या पहिल्याच दिवशी स्वराज्य पक्ष जाहीर केला, पण काँग्रेसच्या आत. वेगळं नाव, वेगळा कार्यक्रम, तरी सभासद काँग्रेसचेच. इकडे महाराष्ट्रात न. चिं. केळकरांसारखी टिळकांच्या तालमीतली माणसं त्यात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या खास अधिवेशनात काँग्रेसनं त्यांना निवडणूक लढवायची मुभा दिली आणि पुढे गांधीजींनीही त्यांच्याशी जुळवून घेतलं. फेरवाले आणि नाफेरवाले अशी नावं पडली होती तेव्हा. धोरणात फेर हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे. पुढे केळकर, जयकर, मुंजे दासांच्या वाटेवरूनही बाजूला झाले तेव्हा त्यांना प्रतिसहकारवादी, म्हणजे सरकार सहकार्य करेल तेवढंच आपण करू म्हणणारे, असं म्हणू लागले. ही नावं परत वाचा. प्रत्येक नावात त्या लोकांना काय पाहिजे ते लिहिलंय. आणि आजच्या गटांची नावं बघा, सगळी आडनावं.

हा फरक कुठून आला त्याचा एक धागा नाशिकमधूनच जातो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे अशी मंडळी एकत्र होती आणि तिथल्या चर्चांतून १९३४ ला काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. पुन्हा काँग्रेसच्या आतच. साधारण चौदा वर्षं हे लोक काँग्रेसमध्ये राहून काँग्रेसच्या नेतृत्वाशी भांडले. १९४८ ला काँग्रेसनं घटना बदलली, वेगळी घटना, वेगळं सभासदत्व, वेगळा कार्यक्रम असलेल्या कुणालाही काँग्रेसमध्ये राहता येणार नाही असा नियम केला, त्यामागे सरदार पटेलांचा आग्रह होता, आणि समाजवादी बाहेर पडले. आपल्याकडे शंकरराव मोरे, केशवराव जेधे ही मंडळी काँग्रेसमधूनच निघाली आणि शेकाप उभा राहिला तोही याच सुमाराचा काळ. पटेलांना मी इथे खलनायक करणार नाही. फाळणी झालेली, गांधीजींचा खून नुकताच झालेला, संस्थानांचा प्रश्न पेटलेला, अशा वेळी सरकार चालवणाऱ्याला पक्षात दुसरा पक्ष नको असणार हे समजण्यासारखं आहे. पण परिणाम काय झाला? काँग्रेसमधले गट संपले का? अजिबात नाही. राज्याराज्यांतल्या बड्या नेत्यांचं सिंडिकेट झालं, १९६९ ची फूट झाली, महाराष्ट्रात तर वसंतदादा, शंकरराव चव्हाण, शरद पवार असा गटांचा इतिहास म्हणजेच काँग्रेसचा इतिहास. नियमानं गट गेले नाहीत, गटांतला कार्यक्रम गेला. विचारानं एकत्र येणं निषिद्ध झालं, माणसाभोवती जमणं चालूच राहिलं, कारण माणसाभोवती जमायला घटना लागत नाही, जाहीरनामा लागत नाही, बंगला पुरतो.

आता कायद्याकडे येऊ, कारण गट शब्दाचा एवढा राग येतो त्याचं खरं कारण तिथे आहे. १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती करून दहावं परिशिष्ट आणलं. व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडला किंवा स्वेच्छेनं पक्ष सोडला की आमदारकी-खासदारकी जाते. त्यात सुरुवातीला एक वाट होती, एक तृतीयांश लोक फुटले तर ती 'फूट' मानायची आणि पद वाचायचं. १९९१ ला भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले ते याच वाटेनं. या वाटेचा गैरवापर झाला म्हणून २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं ती बंद केली. राहिलं ते दोन तृतीयांश लोकांनी दुसऱ्या पक्षात विलीन होणं. म्हणजे कायद्याच्या नजरेत आता दोनच गोष्टी आहेत, अख्खा पक्ष आणि विलीनीकरण. मधल्याला नावच नाही. मग २०२२ ला शिवसेनेतून बाहेर पडलेल्यांनी काय म्हणायचं? "आम्ही गट आहोत, आमचं पटत नाही" म्हणाले असते तर अपात्र. विलीन व्हायचं नव्हतं. म्हणून म्हणाले, आम्हीच पक्ष. आणि समोरच्यांनाही साहजिकच म्हणावं लागलं, नाही, आम्हीच पक्ष. हे दोघांच्या अहंकाराचं भांडण वाटतं पण कायद्यानंच त्यांना तिथे नेऊन उभं केलंय. गंमत म्हणजे एकनाथ शिंदे हे सुरतेला निघाले तेव्हा शिवसेनेचे विधिमंडळातले 'गटनेते'च होते. महापालिकांमध्येही निवडून आलेले नगरसेवक विभागीय आयुक्तांकडे जाऊन रीतसर गट नोंदवतात, का, तर व्हिप लागू व्हावा म्हणून. म्हणजे बांधून घ्यायचं असेल तर गटाला नोंदवही आहे, शिक्का आहे, पण वेगळं मत द्यायचं असेल तर तोच गट बेकायदा.

जून २०२२ चीच दोन दृश्यं समोर ठेवतो. ६ जूनला लंडनमध्ये हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या खासदारांनी स्वतःच्याच पंतप्रधानावर अविश्वासाचं मतदान घेतलं. १५ टक्के खासदारांनी पत्रं दिली की मतदान घ्यावंच लागतं असा त्यांच्या पक्षाचा नियम. २११ बाजूनं, १४८ विरोधात. बोरिस जॉन्सन तेव्हा वाचले, पुढच्या महिन्यात मंत्र्यांनी धडाधड राजीनामे दिल्यावर गेले. त्या १४८ जणांपैकी कुणाची खासदारकी गेली नाही, कुणी पक्ष सोडला असं कुणी म्हटलं नाही, कुणाला हॉटेलात कोंडून ठेवायला लागलं नाही. आणि दोन आठवड्यांनी आपल्याकडे सुरत, मग गुवाहाटी, मग गोवा, मोबाईल बंद, आमदार परत पळून आले की पळवून नेले याच्या कहाण्या, मग राज्यपाल, मग कोर्ट, मग निवडणूक आयोग, मग विधानसभा अध्यक्षांचे निकाल, असं जानेवारी २०२४ पर्यंत. मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की पक्षातलं भांडण सोडवायला विधानसभेतली बहुमत चाचणी हे साधन नाही. बरोबरच आहे, पण मग साधन कुठलं? शिवसेनेच्या घटनेबद्दल निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२३ च्या निकालात ती लोकशाहीला धरून नसल्याचंच म्हटलं होतं. ५५ पैकी ४० आमदारांना नेतृत्वाचं धोरण मान्य नव्हतं तर ते मोजायची जागा पक्षात कुठे होती?

इथे लोक म्हणतील, धोरण कसलं, पैशाचा खेळ होता सगळा. खोक्यांच्या घोषणा आपण सगळ्यांनी ऐकल्यात. आरोप आहे तो, आणि विरोधकांच्या या मुद्द्यात दम आहे की आपल्याकडचे गट विचारावर बनतच नाहीत, सत्ता आणि तिकीट यावर बनतात. याचं सगळ्यात शुद्ध उदाहरण कागल. कोल्हापूरकर या तालुक्याला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. मंडलिक गट, मुश्रीफ गट, राजे गट, संजय घाटगे गट, तिथे माणूस आधी गटाचा असतो, मग पक्षाचा. झेंडे बदलतात, गट तोच राहतो. २००९ ला राष्ट्रवादीनं सदाशिवराव मंडलिकांना तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्याच उमेदवाराला पाडून लोकसभेत गेले. यात विचारसरणी शोधायला गेलात तर हाताला फार काही लागणार नाही. मान्य. पण याच कागलकडे जरा निराळ्या बाजूनंही बघा. तिथे कोण कुणाच्या गटाचा हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी, सगळीकडे पॅनल उघड पडतं, पत्रक छापून वाटलं जातं, मतदान होतं, हरलेलं पॅनल कारखाना सोडून जात नाही, सभासद म्हणून राहतं आणि पुढच्या वार्षिक सभेत दराचा, तोट्याचा, भरतीचा जाब विचारतं. हो, ती सभा "मंजूर मंजूर"च्या आरडाओरड्यात गुंडाळतात, समांतर सभा होतात, खुर्च्याही उडतात. तरीपण हिशोबावर प्रश्न येतात ते त्या हरलेल्या पॅनलमुळेच येतात, एकमुखी कारखान्यात येत नाहीत. सहकारात आपल्याला पॅनल चालतं, पक्षात आपल्याला तेच पाप वाटतं, हे कसं?

यापेक्षाही वजनदार आक्षेप रिपब्लिकन पक्षाचा आहे आणि तो मला खरंच अवघड जातो. १९५७ ला पक्ष झाला, दोन-तीन वर्षांतच दुरुस्त आणि नादुरुस्त असे दोन तुकडे, पुढे खोब्रागडे गट, गवई गट, कांबळे गट, आठवले गट, इतके की रिपब्लिकन ऐक्य हा कायमचा चर्चेचा आणि टिंगलीचा विषय होऊन बसला. १९९८ ला एकत्र येऊन काँग्रेसबरोबर लढले तर प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चौघे, चौघेही खुल्या मतदारसंघातून, लोकसभेत गेले. लगेच पुढे परत पांगले. हे दाखवून कुणी म्हणालं की बघा, गटांनी एका समाजाची राजकीय ताकद मातीत घातली, तर मी काय उत्तर देऊ? एक उत्तर असं की मोठ्या पक्षांनी या गटांना एकेकटं गाठून एकेक जागा देऊन झुलवत ठेवलं, ते खरंय पण ते पुरेसं नाही. माझ्या मते मूळ अडचण अशी होती की या गटांना भांडायला एक सामाईक छप्परच नव्हतं. सगळ्यांनी मान्य केलेली सभासद यादी नाही, नेतृत्व ठरवायला आतलं मतदान नाही, हरलेल्याला पुढच्या वेळी जिंकायची आशा नाही. मग प्रत्येक मतभेदाचा स्वतंत्र पक्ष झाला आणि प्रत्येक पक्षाला एक राष्ट्रीय अध्यक्ष मिळाला. गट आत नांदण्याचं हे उदाहरण नाहीच, गट आत नांदू न शकल्याचं आहे.

जनता पक्षाचं काय मग, १९७७ चं? तिथे तर गट, त्यांना घटक म्हणायचे, उघडच होते आणि दोन-सव्वादोन वर्षांत दुहेरी सदस्यत्वाच्या, म्हणजे पक्षात राहून संघातही राहायचं का या, वादात सरकार गेलं. त्यावर फार वेळ घालवत नाही. निवडणुकीच्या घाईत काही आठवड्यांत चिकटवलेले चार पक्ष होते ते, एका पक्षातले चार गट नव्हते. जपान जास्त बोलकं आहे. तिथल्या सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात १९५५ पासून गट होते, रीतसर नावं, कार्यालयं, निधीसाठी मेळावे सगळं उघड. आणि २०२३ च्या शेवटी निघालं की काही गट मेळाव्यांच्या तिकिटांचे पैसे हिशोबात न दाखवता खासदारांना परत देत होते. मोठी बोंबाबोंब झाली, २०२४ च्या जानेवारीत तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांनी स्वतःचा गट विसर्जित केला, आबे आणि निकाई गटांनीही तेच ठरवलं. म्हणजे उघड गटही पैसा खातात. खातातच. पण हे निघालं कसं? गटांना हिशोब दाखल करायचं बंधन होतं, दाखल केलेला हिशोब आणि प्रत्यक्ष जमा यांचा मेळ बसला नाही म्हणून. आपल्या गटांचा कुठला हिशोब कुठे दाखल होतो? जो गट कागदावर नाहीच त्याच्या पैशाचा ताळा कोण आणि कशाशी लावणार?

मतदारानं चिन्हाला मत दिलं, गटाला नाही, हा आक्षेपही नेहमी येतो आणि तो भावनिक म्हणून झटकण्यासारखा नाही. धनुष्यबाण बघून किंवा घड्याळ बघून मत दिलेल्या माणसाला फसवणूक वाटली असेल तर ती रास्तच आहे. १९६७ ला हरियाणात गया लाल यांनी पक्ष इतक्या वेळा बदलला की आयाराम गयाराम हा शब्दच देशाला मिळाला, कायदा आला तो त्या रागातूनच. पण या आक्षेपाचा रोख पक्ष सोडण्यावर आहे. पक्षात राहून एखाद्या विधेयकाविरुद्ध मत देणारा आमदार चिन्हाशी बेइमानी कशी करतो? आज त्याचीही आमदारकी जाऊ शकते. रस्त्याच्या कंत्राटावर असो नाहीतर शेतजमिनीच्या कायद्यावर, व्हिप निघाला की निघाला. दिनेश गोस्वामी समितीनं १९९० लाच सुचवलं होतं की व्हिप मोडल्याबद्दल अपात्रतेची टांगती तलवार विश्वासदर्शक ठराव, पैशाची विधेयकं अशा मोजक्या मतदानांपुरतीच ठेवा, बाकी ठिकाणी आमदार-खासदारांना मोकळं सोडा. पस्तीस वर्षं उलटून गेली. एकाही मोठ्या पक्षाला सत्तेत असताना ते आठवत नाही, विरोधात असताना सगळ्यांना आठवतं.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आषाढीच्या आधी कधीतरी माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला जाऊन संध्याकाळची समाजआरती बघावी. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे शेकडो, प्रत्येक दिंडीचा वेगळा विणेकरी, वेगळी शिस्त, चालायचा क्रम ठरलेला. मुक्कामाच्या तळावर सगळ्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीला तक्रार असेल, पाण्याची, जागेची, क्रमाची, तर ती थांबत नाही. टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे चालत जातो, ऐकून घेतो, तोडगा सांगतो, आणि ती दिंडी शांत झाल्यावरच आरती होते. तिला कुणी गद्दार म्हणत नाही, ती सोहळा सोडून वेगळ्या रस्त्यानं पंढरपूरला निघत नाही, आणि तिची समजूत काढायला रात्री कुणी शेतघरावर बोलवत नाही. सगळ्यांसमोर टाळ वाजवायचे, सगळ्यांसमोर उत्तर मिळायचं. माउलींचा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांनी त्याला शिस्त लावली तेव्हापासूनच्या परंपरेत हे बसतं आणि आपल्या पक्षांच्या घटनेत बसत नाही.

पक्षांनी करायचं काय, तर फार मोठं काही नाही. ठराविक टक्के सभासदांनी किंवा लोकप्रतिनिधींनी सह्या केल्या तर गट म्हणून नोंद व्हावी, त्याला नाव असावं, शक्यतो आडनाव सोडून, त्याचा जमाखर्च पक्षाच्या जमाखर्चाबरोबर जाहीर व्हावा, कार्यकारिणीत मताच्या प्रमाणात जागा मिळावी, आणि ठराविक सह्या पडल्या की नेतृत्वावर गुप्त मतदान घ्यावंच लागावं. सुरुवातीला लोक आडनावाचेच गट नोंदवतील, माहितीय मला. नोंदवू देत. निदान "अमुक गटाला काय पाहिजे" या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल, आणि तो रकाना कोरा राहिला तर तेही छापून येईल. व्हिपचा कायदा बदलायला संसद लागते, ते होईल तेव्हा होईल. पण बाकी सगळं पक्षाच्या स्वतःच्या घटनेत घालायचंय आणि त्याला ना राज्यपाल लागतात ना सुप्रीम कोर्ट. फुटीतून गेलेल्या चारही पक्षांनी सुरुवात करावी, दोघांनी आपली माणसं जाताना बघितलीत, दोघं स्वतः निघून आलेत, आणि आपल्यातला पुढचा नाराज सध्या कुठल्या खोलीत बसलाय हे चौघांनाही चांगलंच माहीत आहे.